उदोन या जपानी शेवयांना तिखटपणा कुठून येतो?

● शेवया : गव्हाचं पीठ, मीठ, पाणी; एवढंच. जपानमधला कागावा प्रांत (जुनं नाव सानुकी) दाताला जाणवणाऱ्या उदोनसाठी प्रसिद्ध.

● करी उदोन : कोंबू हे समुद्रशेवाळ आणि सुकवलेला बोनिटो मासा यांचं सार म्हणजे दाशी. त्यात करीची वडी विरघळवतात, बटाट्याच्या स्टार्चने दाट करतात.

● शिचिमी : लाल मिरची, सानशो, संत्रासाल, तीळ अशा सात जिनसांची भरड. वाढल्यावर वरून भुरभुरायची.

● ओळखीची झिणझिण : सानशो आणि मालवणी-गोवेकरी कालवणातलं तिरफळ एकाच, झँथोझायलम प्रजातीचे.

● घरी : फ्रोजन उदोन उकळत्या पाण्यात १-२ मिनिटंच ठेवा. दाशीत मीठ बेतानं. शेवयांत ते असतंच.