डोळ्याची 'खरड' तपासणी : घाबरू नका, उशीरही करू नका



आपल्या निफाडमध्ये खरड छाटणी म्हटलं की एप्रिल महिना आणि द्राक्षबाग आठवते. आज लिहितोय ते डोळ्याच्या खरडीबद्दल.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना बागेत काम करताना डोळ्यात काडी लागली. मेडिकलमधून विचारून थेंब आणले. दोन दिवस बरं वाटलं, मग बुबुळावर पांढरा ठिपका आला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "खरडून तपासावं लागेल." घरचे एवढे घाबरले की आणखी चार दिवस घालवले.

खरं तर यात भूल देणारे थेंब घालतात, त्यामुळे दुखत नाही. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात पारपटल म्हणतात. त्याची मधली जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. सूक्ष्मदर्शकासारख्या यंत्रातून बघत डॉक्टर जखमेच्या कडेवरून आणि तळातून छोट्या पात्याने किंचित खरडून घेतात. थोडा नमुना काचपट्टीवर, थोडा जंतू वाढवायच्या बशीत. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पेशी विरघळल्यासारख्या होतात आणि बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात. हे त्याच दिवशी कळू शकतं. बशीतली बुरशी वाढायला मात्र कधी आठवडा, कधी जास्तही लागतो.

एवढा खटाटोप कशाला? कारण काडी, उसाचं पातं, भाताचं तूस लागून झालेल्या जखमेत बऱ्याचदा बुरशी शिरते, आणि जीवाणूंचं औषध बुरशीवर चालत नाही. बुरशीला नॅटामायसिनसारखे वेगळे थेंब लागतात, तेही कित्येक आठवडे. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली उतरते, रुग्ण खूश होतो, पण आत बुरशी फोफावते. नुसतं बघून हा फरक अनुभवी डॉक्टरांनाही नेहमी सांगता येत नाही.

अशीच एक अगदी सौम्य पद्धतही आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर खास कागद काही सेकंद टेकवून उचलतात, वरच्या पेशी कागदाला चिकटून येतात. कोरडा डोळा किंवा अ जीवनसत्त्वाची कमतरता त्यावरून तपासता येते.

त्या मुलाच्या वडिलांच्या नमुन्यात बुरशीच निघाली. डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला आणि त्या डोळ्याने आता अंधुक दिसतं. पालकसभेत हा विषय काढाच. डोळ्याला काही लागलं तर उरलेली जुनी बाटली घालू नका, आधी कोणते थेंब घातले ते डॉक्टरांना सांगा, जमल्यास बाटलीच सोबत न्या.