फॉरमॅट मारण्यापूर्वी : संगणकाच्या बिघाडाचे मूळ शोधण्याची रीत

संगणक हळू चालू लागला, कामाच्या मध्येच हँग होऊ लागला किंवा इंटरनेट चालेनासे झाले, की ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. फॉरमॅट मारणे म्हणजे साठवणीवरील मजकूर पुसून विंडोजसारखी कार्यप्रणाली, अर्थात यंत्राचे भाग आणि त्यावरील प्रोग्राम यांच्या कामाचे नियमन करणारी मूळ व्यवस्था, नव्याने बसवणे होय. काही बिघाडांत हा उपाय अटळ असतो. परंतु आधी प्रत न काढता तो केला, तर वर्षानुवर्षांची छायाचित्रे, हिशेब आणि कागदपत्रे नाहीशी होतात, आणि दोष यंत्राच्या एखाद्या भागातच असेल, तर एवढे करूनही तो जिथल्या तिथे राहतो. म्हणून बिघाडाचे मूळ शोधण्याची रीत प्रत्येक वापरकर्त्याने शिकून घेणे हिताचे आहे. तिच्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. लक्षण कोणते आणि कारण कोणते, हे वेगवेगळे पाहण्याची सवय लागते.

संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही कायमची साठवण असून वीज गेली तरी तिच्यातील मजकूर टिकतो. रॅम ही मात्र तात्पुरती स्मृती असून चालू कामे तिच्यात मांडलेली असतात आणि वीज जाताच ती रिकामी होते. बरेच दिवस चालू ठेवलेल्या संगणकात काही प्रोग्राम घेतलेली रॅम परत सोडत नाहीत, काही अर्धवट अवस्थेत अडकून पडतात, आणि त्या साऱ्याचा भार साचत जातो. संगणक पुन्हा सुरू केल्यावर पुष्कळ तक्रारी मिटतात, त्या या कारणाने. मात्र येथे एक बारकावा आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर कार्यप्रणालीचा गाभा बहुतेक संगणकांत पूर्णपणे मिटवला जात नाही; पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे, म्हणून त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. त्यामुळे रात्री बंद करून सकाळी सुरू केलेल्या संगणकातही कालचाच दोष उरू शकतो. सर्व काही नव्याने सुरू व्हावे असे वाटत असेल, तर ‘रीस्टार्ट’ हाच पर्याय निवडावा.

रीस्टार्ट करूनही संथपणा कायम राहिला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्यात चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामसमोर प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा वापर दिसतो, आणि रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केल्यास सर्वाधिक वापर करणारा प्रोग्राम वर येतो. मेमरी सतत भरलेली दिसत असेल, तर एकाच वेळी उघडलेल्या खिडक्या कमी कराव्यात किंवा रॅम वाढवावी. जुन्या हार्ड डिस्कचा वापर काहीही न करताही शंभर टक्क्यांच्या आसपास राहत असेल, तर डिस्क थकत चालली असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी सर्वांत आधी तिच्यावरील मजकुराची प्रत काढावी लागते. तक्रार एकच, ‘संगणक स्लो झाला’. परंतु तिची कारणे दोन आणि उपायही दोन.

लक्षण आणि कारण यांच्यात किती अंतर असू शकते, हे डेस्कटॉप संगणकाच्या मदरबोर्डवरील छोट्या सेलवरून चांगले कळते. नाण्याएवढा, ३ व्होल्टचा हा सेल संगणकाचा वीजपुरवठा बंद असतानाही आतले घड्याळ चालू ठेवतो. काही वर्षांनी तो संपला, की संगणक सुरू करताना तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली आढळते. सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख पटवण्यासाठी ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र वापरतात. संगणकाच्या समजुतीप्रमाणे ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, आणि मग बँकेपासून ईमेलपर्यंत प्रत्येक ठिकाणी जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येऊ लागतो. वापरकर्ता इंटरनेट पुरवणाऱ्याला दोष देतो, कोणी व्हायरसचा संशय घेते. खरी गरज मात्र तारीख दुरुस्त करून किरकोळ किमतीचा सेल बदलण्याची असते. पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेकडे एक नजर टाकली असती, तर हे सर्व टळले असते.

इंटरनेट बंद पडल्यावर दोष कोणत्या टप्प्यावर आहे, हे ठरवणे महत्त्वाचे असते. त्याच वाय-फायवर मोबाइल चालत असेल, तर दोष संगणकात आहे. मोबाइलही चालत नसेल, तर तो राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या जोडणीत आहे. संगणकाला मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातील त्याचा ओळखक्रमांक, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पाहता येतो. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे संगणकाने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे आणि केबल, वाय-फायची जोडणी व राउटर हेच तपासावे.

मराठी वाचकांना वारंवार भेडसावणारी अडचण म्हणजे न वाचता येणारी मराठी. तिची तीन रूपे आहेत आणि प्रत्येकाचे मूळ निराळे आहे. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर ठीक असून ती अक्षरे दाखवणारा फॉन्ट संगणकात नाही. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसत असेल, तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकार बसवलेले असत, जसे कृतीदेव फॉन्टमध्ये लहान ‘डी’च्या जागी ‘क’ दिसे, आणि तो फॉन्ट नसेल तेथे उघडा ‘डी’च उरे. युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्यामुळे ही अडचण दूर झाली. जुना मजकूर परिवर्तक प्रोग्रामने युनिकोडमध्ये आणावा लागतो. तिसऱ्या रूपात तिरकी रेघ असलेले युरोपीय ‘ए’ हे अक्षर पुनःपुन्हा दिसते. यूटीएफ-८ या साठवण पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइट घेते आणि त्यांतील पहिला बाइट नेहमी सारखाच असतो. एक्सेलसारख्या प्रोग्रामने ती फाइल वेगळ्या पद्धतीची समजून उघडली, की त्या बाइटचा असा ‘ए’ होतो. अशी फाइल थेट न उघडता डेटा आयात करण्याच्या पर्यायातून आणावी आणि तेथे यूटीएफ-८ निवडावे. या तिन्ही प्रसंगांत संगणक बिघडलेला नसतो.

या उदाहरणांतून निघणारी रीत थोडक्यात सांगता येते. बिघाड सुरू होण्याच्या सुमारास काय बदलले, नवा प्रोग्राम बसवला, अपडेट झाले की नवा प्रिंटर जोडला, हे आठवावे. पडद्यावर आलेला संदेश घाईने बंद न करता पूर्ण वाचावा आणि मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे, कारण त्यातील क्रमांकावरून उपाय शोधता येतो. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा. चार बदल एकदम केले, तर दोष गेला तरी कशाने गेला हे कळत नाही, आणि वाढला तर मागे परतण्याची वाट राहत नाही. पेन ड्राइव्ह लावल्यावर ती फॉरमॅट करण्याविषयी विचारणा झाली आणि आत हवा असलेला मजकूर असेल, तर होकार देऊ नये. तिच्यावर नवे काही लिहिले गेले नाही, तोवर मजकूर परत मिळण्याची आशा अधिक असते.

मात्र कोणतीही रीत मेलेली डिस्क जिवंत करू शकत नाही. म्हणून महत्त्वाच्या फाइलींच्या मूळ धरून तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर किंवा क्लाउडवर असावी, हा जगभर मानला जाणारा नियम घरगुती वापरातही पाळावा.

संगणकाविषयीच्या अज्ञानाचा फायदा घेणारेही पुष्कळ आहेत. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे सांगणारा फोन आला आणि दुरून ताबा देणारा प्रोग्राम बसवण्यास सांगितले, तर तो फोन तत्काळ बंद करावा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. आपल्या संगणकात नेमके काय बिघडले आहे, हे ज्याला दोन वाक्यांत सांगता येते, त्याला फसवणे अवघड जाते. तेवढे ज्ञान प्रत्येकाने मिळवावे आणि घरातील वडीलधाऱ्यांपर्यंतही पोहोचवावे.