चमकीला झाडू पुरत नाही

सणानंतर : लेखांक ६

गेल्या आठवड्यात थर्माकोलच्या मखरांबद्दल लिहिलं. मखर निदान डोळ्यांना दिसतं, दोन हातांनी उचलता येतं. शिवाय १ जुलै २०२२पासून सजावटीच्या थर्माकोलला देशभर बंदी असल्यामुळे विकणाऱ्याला जाब तरी विचारता येतो. बंदीच्या त्याच यादीत प्लॅस्टिकचे झेंडे आहेत, फुग्यांच्या काड्या आहेत, मिठाईच्या खोक्यावरची पातळ प्लॅस्टिकची गुंडाळीसुद्धा आहे. चमकी नाही. राखीवर, तोरणावर, गौरींच्या मागच्या पडद्यावर, कापडी फुलांच्या हारांवर ती असतेच. यादीत तेवढी नाही.

चमकीचा कण भिंगाखाली धरला तर बहुधा षटकोनी निघतो. पॉलिएस्टरची पातळ फिल्म (पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, तेच हे), तिच्यावर ॲल्युमिनियमचा अगदी तलम थर, वर रंगाचा लेप आणि मग यंत्रातून बारीक कातरण. षटकोन अशासाठी, की ते एकमेकांना बिलगून बसतात आणि फिल्म वाया जात नाही. कारखान्यात तसूभर कचरा होऊ नये म्हणून एवढी काळजी, आणि बाहेर पडणारा माल मात्र मुळातच कचऱ्याच्या मापाचा! पाच मिलिमीटरहून लहान तुकड्याला सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. पिशवीला त्या अवस्थेला पोचायला वर्षं लागतात, चमकी तिथूनच सुरुवात करते.

आरास उतरवल्यावरचा घोळ घरोघरी माहीत आहे. कण चपटा आणि वजनाला नगण्य, घासला की त्यावर स्थिर वीज येते. त्यामुळे कोरडा झाडू त्याला गोळा करण्याऐवजी सतरंजीला, पायांना, झाडूच्याच काड्यांना चिकटवतो. ओल्या फडक्याने पुसून घ्यावं, तर फडकं पिळताना सगळी चमकी मोरीतून गटारात जाते.

घरात ही गत, तर मोठ्या देवळात चमकीचं काय होतं ते पाहायला आता उज्जैनला जाऊ. महाकालाचं आजचं मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारलं. शिंद्यांच्या वळणामुळे महाकालाच्या सवाऱ्यांना (श्रावणातल्या मिरवणुकांना) आपलं अमान्त पंचांगही लागलं. उत्तरेचा श्रावण संपला तरी आपला चालूच असतो, म्हणून सोमवारच्या सवाऱ्या दीडेक महिना निघत राहतात, आणि शेवटची होते न होते तोच गणपती दारात. हार, तोरणं, मुकुट, पन्न्या यांचा हंगाम तिथे असा सलग चालतो.

ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे महाकाल मंदिरात रोज ७५ हजार ते १ लाख भाविक येतात आणि फुलं व इतर मिळून रोज ५ ते ६ टन कचरा निघतो. तो वेगळ्या गाड्यांनी उचलून दिवसाला ३ टन क्षमतेच्या प्रकल्पात नेतात. तिथे त्याचं खत, जळणाच्या विटा असं काय काय होतं. ‘शिव अर्पण’ गटाच्या महिला फुलांपासून उदबत्त्या वळतात. आपल्याकडच्या अनेक देवस्थानांनी उचलावी अशी ही व्यवस्था आहे. पण तिचा सगळा डोलारा फूल हे फूलच असण्यावर उभा आहे. हारात जरीची दोरी असेल तर बाई ती ओढून काढते. झेंडूच्या पाकळ्यांवर चमकी भुरभुरलेली असली तर मात्र ती काढायची कुठून? फूल कुजून खत होतं, कण तसाच राहतो. खत चाळलं तरी दोन्ही एकाच छिद्रातून खाली पडतात आणि थेट शेतात पोचतात. उदबत्तीत गेलं तर देवापुढे प्लॅस्टिक जळणार. निर्माल्य वेगळं करा, एवढं सांगून इथे भागत नाही.

म्हणून रोखायचं ते दारातच. आणि याबाबतीत उज्जैनला कुणी नवं शिकवायला नको. महाकालाच्या लिंगाची झीज होते, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा पुरातत्त्व आणि भूगर्भ खात्यांच्या जाणकारांनी दगड तपासला. २०१७मध्ये जलाभिषेकासाठी आरओचं पाणी, तेही माणशी अर्धा लिटर, आणि भस्मारतीच्या वेळी लिंगावर कोरडं सुती कापड, अशा गोष्टी ठरल्या. १ सप्टेंबर २०२०च्या निकालात भाविकांनी लिंग चोळण्यावरही बंदी आली. भक्ती कमी झाल्याची तक्रार ऐकू आली, पण गर्दी वाढतच गेली.

दुसरा धडा फार महाग पडला. २५ मार्च २०२४, धुळवडीची पहाट. भस्मारती चालू असताना गाभाऱ्यात गुलाल उधळला गेला, आरतीच्या ज्योतीवर पडला आणि भडका उडाला. पुजारी, सेवेकरी असे १४ जण भाजले. त्यांतल्या एका वृद्ध सेवेकऱ्याचा पुढे मुंबईत मृत्यू झाला. त्यानंतरच्या होळीला भाविकांना बाहेरून रंग-गुलाल आत नेता आला नाही. त्याच दाराशी चमकीची पन्नीही थांबवता येईल. तिच्याने भडका उडत नाही, म्हणून तिची कुणाला घाई वाटत नाही, इतकंच.

न थांबवलेली चमकी शेवटी उज्जैनच्या क्षिप्रेत जाते. ही नदी आता स्वतःच्या बळावर फारशी वाहत नाही. २०१४पासून तिच्यात नर्मदेचं पाणी सोडतात आणि ते बंधाऱ्यांनी अडवून धरतात. इंदूरकडून येणारी कान्ह आपलं सांडपाणी आणते ती वेगळीच. पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड, त्यामुळे संथ पाण्यात ते तळाशी गाळात बसतं आणि लोक डुबकी मारायला उतरले की ढवळून वर येतं. २०२८च्या सिंहस्थासाठी पाणी शुद्ध करण्याच्या योजना चालू आहेत, त्यांत गटारांचा विचार आहे. घाटावरच्या पूजेच्या ताटाचाही व्हावा.

‘आमची चमकी विघटनशील आहे’ असं सांगणारे पुडे आता मिळतात. त्यावर मी तरी फार विसंबणार नाही. इंग्लंडमध्ये डॅनिएल ग्रीन यांच्या गटाने गोड्या पाण्यात ३६ दिवस वेगवेगळ्या चमक्या ठेवून पाहिल्या, तेव्हा पाण्यावरच्या बारीक तरंगत्या वनस्पतींच्या मुळांची लांबी निम्म्यावर आली, आणि त्यात विघटनशील म्हणवणारी सेल्युलोजची चमकीही नावं ठेवण्याजोगीच निघाली. कारण तिच्यावरही ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचा लेप असतोच. पर्याय म्हणून अभ्रकाची पूड घ्यावी, तर ती प्लॅस्टिक नव्हे हे खरं, पण झारखंडच्या खाणींत ती कोणाच्या मुलांनी वेचली हा प्रश्न उरतो. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३पासून प्लॅस्टिकची सुटी चमकी विकणंच बंद केलं.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०च्या विसर्जनविषयक सूचनांत मूर्तीला चकाकी आणायला झाडांचे नैसर्गिक डिंक-राळ वापरा, दागिने सुक्या फुलांचे आणि गवताचे करा, असं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. मूर्तिकाराला ऑर्डर देतानाच हे सांगावं लागतं, चतुर्थीच्या आदल्या दिवशी सांगून काही होत नाही.

घरात आधीच आलेल्या चमकीचं काय, असं दोघा-तिघा वाचकांनी विचारलं आहे. धुऊ नका. रुंद चिकटपट्टी उलटी करून हातावर गुंडाळा आणि टिपत जा. ती पट्टी कागदात बांधून सुक्या कचऱ्यात टाका. चमकी लागलेली फुलं निर्माल्य कलशात नकोत, तीही सुक्या कचऱ्यातच.

(पुढील आठवड्यात : विजेच्या माळा)