एकोणीस एकांची मूळसंख्या

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकलेले व पुढें देवळालीस शिक्षक झालेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना ११, १११ अशा केवळ एकांनीं बनलेल्या संख्यांचा मोठा छंद. १२१, १२३२१ हे त्यांचे वर्ग कापरेकरांनीं ‘डेम्लो’ संख्यांत गणले. डेम्लो म्हणजे डोंबिवली स्थानक! या मालिकेंत मूळसंख्या मात्र दुर्मिळ. एकांची गणती विभाज्य असली कीं त्यांचे सारखे गट पडतात व संख्याही विभागते: ११११ म्हणजे ११ गुणिलें १०१. याचा व्यत्यास मात्र फसवा. पांच ही मूळसंख्या, तरी १११११ म्हणजे ४१ गुणिलें २७१. अकरानंतर स्वतःवांचून व एकावांचून भाजक नसलेली संख्या भेटते ती थेट एकोणीस एकांची. मग तेवीस, मग एकदम ३१७ एकांची. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचें १९८६ सालीं सिद्ध झालें.