डिस्प्रॅक्सिया समजून घेताना : भाग ५
‘आई, पायात सोडा भरलाय!’

‘पायात सोडा भरलाय.’ ‘हात झोपून गेला.’ ‘पोटात कुणीतरी चालतंय.’ बटणं लावताना, जिना उतरताना अडखळणारं पाच-सहा वर्षांचं मूल असं बोलू लागलं की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, ‘शाळा बुडवायची नाटकं!’ आईबाबा म्हणतात, ‘डिस्प्रॅक्सियामुळेच असणार.’ दोन्हीकडे चौकशी तिथेच थांबते.

डिस्प्रॅक्सियाच्या, म्हणजे हालचालींचा मेळ बसवण्यातल्या अडचणीच्या, निदानाचे निकष आपण मागच्या भागात पाहिले. २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेतले हे निकष हालचालींबद्दल आहेत. मुंग्या, बधिरपणा, दुखणं यांचा त्यांत उल्लेखही नाही. उलट, अडचणीमागे मेंदूचा, नसांचा किंवा स्नायूंचा दुसरा आजार नाही ना, हे आधी पाहावं लागतं. त्यामुळे नव्या तक्रारीचं कारण वेगळं शोधायला हवं.

बऱ्याचदा ते साधं असतं. आपले स्नायू आणि सांधे मेंदूला सतत कळवत असतात, की कोपर किती वाकलंय, पाऊल कुठे टेकलंय. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ म्हटलं. डिस्प्रॅक्सिया असलेल्या अनेक मुलांना ही माहिती नीट वापरता येत नाही. काहींना स्पर्शही फार जाणवतो. शर्टाच्या कॉलरचं लेबल दिवसभर टोचत राहतं. पाय दुमडून बसल्यावर मुंग्या सगळ्यांनाच येतात, पण या वयात त्या सांगायला शब्द नसतात. मग ‘सोडा’ कामी येतो.

दुसरं कारण, सैल सांधे. काही मुलांत ते डिस्प्रॅक्सियासोबतच आढळतात. मूल लिहीत असताना बोटं पाहा. पेन्सिल दाबताना तर्जनीचं शेवटचं पेर आत वळतं, नख पांढरं पडतं आणि चार ओळींत हात झटकायची वेळ येते. ती कुरकुर खरी असते. तिसरं, वाढत्या वयातलं पाय दुखणं. ते सहसा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होतं. सकाळी मूल पुन्हा उड्या मारतं.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नये. एकाच पायात सतत दुखणं, सकाळी लंगडणं, सांध्याला सूज, ताप, वजन घटणं. येत असलेली गोष्ट येईनाशी होणं. जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकत वर चढणं. किंवा तीच विचित्र जाणीव अचानक येऊन काही सेकंदांत जाणं आणि तेवढ्यात मूल हरवल्यासारखं होणं. शेवटच्या खुणेत फिट्सची शक्यता तपासावी लागते. मुंग्या वारंवार येत असतील आणि आहारात दूध-दही, अंडी, मांस-मासे फारसे नसतील, तर बी-१२ची तपासणीही डॉक्टरांना विचारावी.

डॉक्टरांना सगळ्यांत उपयोगी पडते ती घरची नोंद. ‘दुखतंय का?’ विचारलं की मूल ‘हो’ म्हणून मोकळं होतं. त्यापेक्षा मोठ्या कागदावर त्याला झोपवून बाह्यरेषा काढा आणि ‘कुठे होतं, तिथे रंग भर’ म्हणा. वहीत वेळ, जागा, आधी काय चाललं होतं, किती वेळ टिकलं, कशाने थांबलं, एवढं लिहा. मुलाचे शब्द त्याचेच ठेवा. ‘सोडा’चं ‘वेदना’ करू नका. जमल्यास मोबाइलवर चित्रीकरण करा.

ही वही घेऊन आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे त्यानंतर. खासगी खर्च झेपत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.

पुढच्या भागात : शाळेशी काय बोलावं? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे. त्याचा वापर कसा करायचा, ते पाहू.