खांद्याच्या पात्याचे वेगळेपण आणि शस्त्रक्रिया

फळ्याच्या वरच्या कडेला तारीख लिहिण्यासाठी शिक्षक हात वर नेतो, तेव्हा काम केवळ हाताचे चाललेले नसते. पाठीवर, बरगड्यांवर विसावलेले एक पातळ त्रिकोणी हाड त्याच वेळी फिरत असते. हात पूर्ण वर नेताना १८० अंशांचे जे वळण होते, त्यापैकी सुमारे ६० अंश या हाडाच्या फिरण्याने साधतात. बोलीभाषेत त्याला खवाटा किंवा खांद्याचे पाते म्हणतात; शास्त्रीय नाव अंसफलक. दुसऱ्या बरगडीपासून सातव्या बरगडीपर्यंत ते पसरलेले असते आणि सतरा स्नायू त्याला जोडलेले असतात. सुश्रुतसंहितेने त्याची गणना पाठीवरील मर्मांत केली आहे. तेथे आघात झाल्यास हात बधिर होतो किंवा वाळतो, असे तीत नमूद आहे.

पाठ्यपुस्तकातील आकृतीत हे हाड एकाच ठरावीक आकाराचे दिसते. परंतु वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात जतन केलेली अशी हाडे शेजारी शेजारी मांडली, तर एकासारखे दुसरे सापडणे कठीण. नाक-कानांच्या ठेवणीप्रमाणेच हे भेद जन्मजात वा वाढीच्या ओघात आलेले असतात. त्यांतील बहुतेकांचा माणसाला आयुष्यभर उपद्रव होत नाही. शस्त्रक्रियेचा प्रश्न आला, म्हणजे मात्र त्यांची दखल घ्यावीच लागते.

या हाडाच्या वरच्या कडेला एक लहानशी खाच असते. तिच्यावरून एक चिवट अस्थिबंध पुलासारखा आडवा जातो. पुलाखालून मज्जातंतू जातो आणि वरून रोहिणी. हा मज्जातंतू हात उचलण्यास व बाहेरच्या बाजूस फिरविण्यास साहाय्य करणाऱ्या दोन स्नायूंना चालना देतो. अमेरिकेतील मज्जाशल्यतज्ज्ञ सेट्टी रेंगाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या खाचेचे सहा प्रकार सांगितले. काहींत ती जवळजवळ नसतेच. काहींत रुंद, काहींत अर्धवर्तुळाकार, तर काहींत अगदी चिंचोळी असते. पाचव्या प्रकारात वरच्या अस्थिबंधाचा काही भाग हाड बनलेला असतो आणि सहाव्यात तो संपूर्ण हाडाचा होऊन खाचेचे छिद्र बनते.

वाट अरुंद असली आणि हात वारंवार डोक्यावर नेण्याचे काम असले, तर मज्जातंतू तेथे दाबला जाऊ शकतो. खांद्याच्या मागे खोलवर ठणका लागतो, हाताची शक्ती कमी होते आणि पुढे पाठीवरचा स्नायू वाळून तेथे खळगा दिसू लागतो. त्वचेला बधिरता सहसा येत नाही. त्यामुळे हा आजार मानेच्या मणक्यांचा किंवा आखडलेल्या खांद्याचा समजला जाऊन महिनोन्‌महिने भलताच उपचार चालण्याचा संभव असतो. योग्य निदान झाल्यावर इतर उपायांनी गुण न आल्यास तो अस्थिबंध कापून मज्जातंतू मोकळा करतात. हे काम आता दुर्बिणीद्वारेही होते. मात्र अस्थिबंध हाड झालेला असेल, तर कात्री चालत नाही, हाड कोरावे लागते. क्वचित रोहिणीही पुलाखालूनच जाते आणि बेसावध हत्याराने रक्तस्राव होतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनद्वारे खाचेचा आकार पाहून ठेवणे हिताचे ठरते.

खांद्याच्या सांध्यावर छपरासारखे आलेले या हाडाचे टोक हा भेदांचा दुसरा प्रांत होय. छपराखालून हात उचलणाऱ्या स्नायूची कंडरा जाते. अमेरिकन शल्यतज्ज्ञ चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये असे प्रतिपादन केले, की कंडरा छपराच्या पुढच्या भागावर घासते आणि म्हणून तो भाग तासून काढावा. १९८६ मध्ये बिग्लियानी व मॉरिसन यांनी १४० खांदे तपासून छपराचे तीन प्रकार केले : सपाट शेकडा १७, वक्र ४३ आणि आकड्यासारखे ४०. फाटलेल्या कंडरा बहुतांशी आकड्यासारख्या छपराखाली आढळल्या. हा विचार इतका सोपा आणि पटण्यासारखा होता, की छप्पर तासण्याची शस्त्रक्रिया अनेक देशांत सर्रास होऊ लागली.

पुढे शंका निघाल्या. एकच क्ष-किरण चित्र पाहून दोन तज्ज्ञ दोन निरनिराळे प्रकार सांगू लागले. आकडा हा काही वेळा मूळचा नसून वयोमानाने वाढलेले हाड असते, असेही दिसून आले. अखेर ब्रिटन व फिनलंड येथील चाचण्यांत काही रुग्णांचे छप्पर तासण्यात आले आणि काहींच्या खांद्यात केवळ दुर्बीण घालून पाहण्यात आले. दोन्ही गटांना मिळालेल्या आरामात लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने अशा दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी स्पष्ट शिफारस केली. अपघाताने कंडरा फाटली असेल, तर गोष्ट निराळी. परंतु ‘हाड आकड्यासारखे आहे’ एवढ्याच कारणावरून खांदा उघडण्यास आता आधार उरलेला नाही. रूढ झालेली शस्त्रक्रिया शास्त्राने स्वतःच तपासून बाजूला सारावी, हे वारंवार घडत नाही.

याच टोकाचा आणखी एक भेद फसवा आहे. लहानपणी हे टोक तीन-चार तुकड्यांत वाढते आणि सुमारे पंचविशीपर्यंत ते तुकडे एकसंध होतात. शंभरांतील सुमारे आठ जणांत एखादा तुकडा सुटाच राहतो. पडल्यावर काढलेल्या क्ष-किरण चित्रात तो अस्थिभंग वाटतो. मात्र त्याच्या कडा गुळगुळीत असतात व पुष्कळदा दुसऱ्या खांद्यातही तसाच तुकडा असतो. तो ओळखल्याशिवाय छप्पर तासले, तर सुटा भाग अधिकच डळमळू लागतो. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडचे लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यावरील खलाशी-सैनिकांच्या सांगाड्यांत असे सुटे तुकडे शेकडा बाराच्या आसपास आढळले. बालपणापासून जड धनुष्य ओढल्याने ते जुळले नसावेत, असे अभ्यासकांचे अनुमान आहे.

कृत्रिम सांधा बसविताना पात्याच्या बाहेरील उथळ खोबणीकडे पाहावे लागते. तिची दिशा व्यक्तीगणिक काही अंशांनी बदलते आणि हाड थोडे असल्याने स्क्रू बाहेर निघण्याचा धोका असतो. भारतीय हाडांच्या मोजणीत ही खोबण पाश्चात्त्य सरासरीपेक्षा बहुधा लहान आढळली आहे. अशी मोजणी महाविद्यालयांतील हाडांवरच होते. बेवारस व दान केलेले देह तेथे अध्ययनासाठी मिळावेत, याकरिता आपल्या राज्यात १९४९ पासून अधिनियम आहे. देहदानाचा अर्ज भरणाऱ्या वृद्धाची गावात थट्टा होते, तेव्हा या उपयोगाची कोणाला कल्पना नसते.

वरील सारे भेद त्वचेखाली दडलेले असतात. एक विकृती मात्र वर्गात बसूनही दिसते. गर्भावस्थेत हे हाड मानेजवळ तयार होऊन खाली उतरते. ते वरच अडकले, तर मुलाचा एक खांदा जन्मतःच उंच राहतो आणि तो हात पुरता वर जात नाही. जर्मन शल्यतज्ज्ञ ऑटो स्प्रेंगेल यांनी १८९१ मध्ये तिचे वर्णन केल्याने ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. पाठीचा कणा वाकल्यानेही खांदा वर दिसतो, म्हणून निदान अस्थिरोगतज्ज्ञाकडूनच व्हावयास हवे. सौम्य विकृतीत काहीच करावे लागत नाही. ती तीव्र असल्यास शस्त्रक्रिया साधारणतः तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान करतात. अंगणवाडी आणि पहिली-दुसरीचे वर्ग याच वयाचे असतात. मूल मोठे झाल्यावर हाड खाली ओढले, तर हाताकडे जाणारे मज्जातंतू गळ्याखालच्या आडव्या हाडाखाली चेपून हात लुळा पडण्याची भीती असते. म्हणून अशा वेळी शल्यतज्ज्ञ ते आडवे हाड आधी कापून त्यांना वाट मोकळी करून देतात.