टाकी भरलेली, पिंजरा तहानलेला

संग्रामपूर तालुक्यातल्या माझ्या घरी पांढऱ्या उंदरांचे चार पिंजरे आहेत. एका मे महिन्यात दोन दिवस बाहेरगावी जाऊन परतलो, तो एका पिंजऱ्यात दोन उंदीर मरून पडलेले. उरलेले अंग आखडून कोपऱ्यात बसलेले, दाणा जसाच्या तसा. पाणी मिळाले नाही की उंदीर कोरडा दाणाही सोडतो. टाकी मात्र भरलेली होती. दोष तोटीत होता.

या स्वयंचलित व्यवस्थेत फारसे गूढ नाही. उंचावर टाकी, तिथून उतरणारी बारीक नळी आणि प्रत्येक पिंजऱ्यात धातूची तोटी. कुक्कुटपालक तिला निपल म्हणतात. आतली पिन उंदराने जिभेने हलवली की थेंब येतो. सोडली की वाट बंद. पिनेभोवतीची फट केसाएवढी. तिथेच घात होतो.

पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. जड पाण्यातला चुना पिनेवर पुटे धरतो आणि ती अडकते. उघडी अडकली तर पिंजरा भिजतो, पिल्ले गारठून मरतात. बंद अडकली तर तहान. नळीत शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थरही साचतो. उन्हात ठेवलेल्या पारदर्शक नळीत शेवाळ लवकर धरते, म्हणून नळी काळी असावी. ती मध्ये वर उचललेली राहिली तर तिथे हवेचा बुडबुडा बसतो आणि पुढचे पाणी थांबते.

उपाय आपल्या शेतकऱ्यांना नवे नाहीत. ठिबकच्या नळ्यांची टोके उघडून त्या धुतात, क्षार काढायला आम्ल सोडतात. तेच इथे लहान प्रमाणावर करायचे. आठवड्यातून एकदा नळीचे टोक उघडून पाणी जोराने वाहू द्यावे. महिन्याला तोट्या काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवाव्यात आणि स्वच्छ धुवाव्यात. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. विषारी वायू सुटतो.

पांढरा छोटा उंदीर दिवसाला साधारण चार-पाच मिलिलिटर पाणी पितो. दहा उंदरांची टाकी दिवसात पन्नासेक मिलिलिटर उतरायला हवी. टाकीवर रोज रेघ मारावी. पातळी हललीच नाही तर पाणी अडले आहे, फार उतरली तर गळते आहे. पण एका टाकीवर अनेक पिंजरे असले तर एका तोटीचा दोष या रेघेत दिसत नाही. माझे नेमके तेच झाले. म्हणून रोज प्रत्येक पिन बोटाने दाबून थेंब पाहावा, आणि प्रत्येक पिंजऱ्यात दोन तोट्या ठेवाव्यात. त्यातली एक पिल्लांच्या तोंडाला पुरेल इतकी खाली.

मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा गेली; 1925 पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे तिथल्या संशोधनात उंदीर आणि गिनीपिग वापरूनच सिद्ध होत गेले. माणसाचे प्राण वाचवणाऱ्या त्या ज्ञानात पिंजऱ्यातल्या मुक्या जिवांचा वाटा मोठा आहे. पाळलेल्या प्राण्याला पुरेसे पाणी न देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

तहान लागल्यावर विहीर खोदू नये, असे आपण माणसांना सांगतो. पिंजऱ्यातल्याला खोदताही येत नाही आणि हाकही मारता येत नाही. यंत्र पाणी पोचवते. ते पोचले की नाही, हे रोज आपणच पाहायचे असते.